कालचे गिऱ्हाईक

दिवाळी जवळ आली की वर्तमानपत्रांची पहिली दोन-तीन पाने जाहिरातींच्या ताब्यात जातात, आणि त्यांत एक वाक्य हटकून असते : ‘जुने द्या, नवे घ्या.’ मराठी माणसाला हे वाक्य काही नवे नाही. माझ्या लहानपणी दुपारच्या वेळी डोक्यावर पाटी घेऊन बोहारीण दारात येई, आणि तिचा सारा व्यापार याच सूत्रावर चालत असे. आईच्या विटलेल्या साड्या, अण्णांचे विजारी-सदरे तिच्यापुढे पडत, आणि तासभराच्या घासाघिशीनंतर घरात स्टीलचा एखादा डबा येई. त्या सौद्यात आमच्याकडची माणसे नेहमी हरत. पण एक गोष्ट खरी, की बोहारणीच्या पाटीत गेलेली साडी मरत नसे. ती धुतली जाई, शिवली जाई आणि जुन्या बाजारातून कुणाच्या तरी अंगावर पुन्हा नांदू लागे. जुन्याचे मोल त्या बाईला ठाऊक होते. तिचे पोटच त्यावर होते.

आजचे दुकानदार जुने घेतात ते कशासाठी, हा प्रश्न मला या जाहिराती वाचताना नेहमी पडतो. त्याहून मोठा प्रश्न असा, की ज्याला आपले जुने द्यायचे नाही, त्याचे काय? त्याने काल पूर्ण पैसे मोजले होते. तो उद्याचे गिऱ्हाईक नसेल, पण कालचे तर आहे ना? आणि या कालच्या गिऱ्हाइकाशी कारखानदार कसा वागतो, हे पाहायचे तर गाणे ऐकवणाऱ्या यंत्रांइतका चांगला आरसा दुसरा नाही, असे माझे मत आहे.

याचे कारण साधे आहे. नव्या फ्रिजला गेल्या वर्षीची भाजी सांभाळावी लागत नाही. नवी इस्त्री उद्याचे कपडे करते, कालच्यांशी तिला कर्तव्य नसते. गाण्याच्या यंत्राचे तसे नाही. त्याला तीस-चाळीस वर्षांपूर्वीचा आवाज आज, आत्ता, घरात आणून द्यायचा असतो. माणूस नवा रेकॉर्ड प्लेअर आणतो तो जुन्या तबकड्या ऐकण्यासाठी. म्हणून असे यंत्र विकणारा माणूस केवळ लाकूड, पत्रा आणि तारा विकत नाही. तो गिऱ्हाइकाच्या भूतकाळाशी व्यवहार करतो.

आमच्या साताऱ्याच्या घरात अण्णांनी १९७४ साली घेतलेला एक रेकॉर्ड प्लेअर अजून आहे. त्याच्या कडेला वेगाचा एक खटका आहे आणि त्यावर चार आकडे कोरलेले आहेत : १६, ३३, ४५, ७८. सुईच्या मानेशी एक इवलीशी कळ आहे. ती एका बाजूस वळवली की ७८ फेऱ्यांच्या तबकडीची जाड सुई खाली येते, आणि दुसऱ्या बाजूस वळवली की लाँग प्ले तबकडीची बारीक सुई. लहानपणी ही कळ फिरवण्याचा मान मिळावा म्हणून आम्हा भावंडांत भांडणे होत. तिच्यामागे एक लढाई दडलेली आहे, हे मला फार पुढे कळले.

ती लढाई अमेरिकेत झाली. १९४८ साली कोलंबिया कंपनीने मिनिटाला सव्वातेहेतीस-साडेतेहेतीस, नेमके सांगायचे तर ३३⅓ फेरे घेणारी लाँग प्ले तबकडी बाजारात आणली. लगेच १९४९ मध्ये आर.सी.ए. व्हिक्टरने ४५ फेऱ्यांची छोटी तबकडी आणली. दोघींचाही जुन्या ७८ च्या यंत्रांशी मेळ नव्हता. म्हणजे ज्यांच्या घरी कपाटभर ७८ च्या तबकड्या होत्या, त्यांच्या तोंडचे पाणी पळायचे. पण त्या काळच्या व्यापाऱ्यांना एवढे उमगत होते की लोक आपला रेडिओ किंवा ग्रामोफोन उकिरड्यावर फेकून नव्या दुकानात धावणार नाहीत. म्हणून कोलंबियाच्या बाजूने फिल्को कंपनीने घरच्या रेडिओलाच जोडता येईल असा एक छोटा प्लेअर २९ डॉलर ९५ सेंटला विकला, आणि आर.सी.ए.ने आपला तसाच जोड १२ डॉलर ९५ सेंटला दिला. भांडण दोघा बड्यांचे, पण दोघेही जुन्या गिऱ्हाइकाच्या दारी जोड घेऊन उभे. शेवटी कुणीच पूर्ण जिंकले नाही. सगळे वेग वाजवणारी यंत्रे निघाली आणि तहाचा मसुदा त्या खटक्यावर चार आकड्यांनी कोरला गेला. आमच्या आजोबांच्या ७८ च्या तबकड्या अण्णांच्या यंत्रावर वाजल्या, त्या या तहामुळे.

याहूनही सुंदर उदाहरण स्टीरिओचे. तबकडीच्या एकाच रेघेत दोन आवाज कसे मावतात, याचे मला कॉलेजात असताना मोठे नवल वाटे. ॲलन ब्लमलीन या ब्रिटिश अभियंत्याने १९३१ मध्येच त्यासाठी पेटंटचा अर्ज केला होता. बाजारात स्टीरिओ तबकड्या आल्या त्या १९५८ च्या सुमारास. रेघेच्या दोन भिंती पंचेचाळीस अंशांत कललेल्या. डावा आवाज एका भिंतीवर, उजवा दुसरीवर. या रचनेत खुबी अशी, की दोन्ही आवाजांची बेरीज सुईच्या आडव्या हालचालीत उतरते. आणि जुन्या एकेरी तबकड्यांत आवाज नेमका आडव्याच हालचालीत भरलेला असे. त्यामुळे जुनी तबकडी नव्या यंत्रावर बिनतक्रार वाजे. नवी तबकडी जुन्या यंत्रावरही सबंध गाणे ऐकवी. मात्र जुन्या ताठ सुईने ती झिजे, म्हणून सुई तेवढी बदलावी लागे. सारे यंत्र टाकण्यापेक्षा सुई बदलणे कितीतरी परवडणारे.

फिलिप्सने १९६३ मध्ये कॅसेट आणली. पुढे तीत स्टीरिओ भरायची वेळ आली, तेव्हा डावी आणि उजवी पट्टी फितीवर अगदी शेजारी-शेजारी ठेवली गेली. का? तर जुन्या एकेरी यंत्राचे रुंद डोके दोन्ही पट्ट्या एकदम वाचील आणि गरीब गिऱ्हाइकाला अर्धे गाणे ऐकावे लागणार नाही. आमच्याकडे एकच कर्णा असलेला टू-इन-वन होता. त्यावर मी शेकडो स्टीरिओ कॅसेटी ऐकल्या. त्यांतला तबला कधी हरवला नाही की तानपुरा कधी मुका झाला नाही. कुणी अनोळखी अभियंत्याने आमच्यासारख्यांची आठवण ठेवली होती, याची आम्हाला गंधवार्ताही नव्हती. खऱ्या सौजन्याचे लक्षणच हे, की ज्याच्याशी ते केले जाते त्याला ते जाणवतही नाही.

पण एवढ्याने कारखानदारांची आरती ओवाळायला नको. भूतकाळाचा मान राखला म्हणजे धंदा चालतोच, असेही नाही. त्याच फिलिप्सने १९९२ मध्ये डिजिटल कॅसेट काढली. तिच्या यंत्रावर जुन्या कॅसेटीही वाजत. तरी लोकांनी तिच्याकडे पाठ फिरवली आणि १९९६ मध्ये तिचा कारभार आटोपला. सौजन्य हा व्यापाराचा विमा नव्हे. तो फक्त व्यापाराचा धर्म आहे.

आमच्या महाविद्यालयात पदार्थविज्ञानाचे एक प्राध्यापक आहेत. त्यांना या यंत्रांचा षोक आहे. त्यांनी मला स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या लिन कंपनीची कथा सांगितली. या कंपनीचा ‘सोंडेक एलपी१२’ नावाचा रेकॉर्ड प्लेअर १९७२ सालचा. तो आजही त्याच नावाने निघतो. १९८२ मध्ये त्याच्या मोटारीला स्थिर वीज पुरवणारा नवा भाग आला, १९९३ मध्ये तबकडीचा आस ज्यात फिरतो ते बेअरिंग सुधारले, २०२० मध्ये ते पुन्हा सुधारले. प्रत्येक वेळी कंपनीने काळजी घेतली की हा नवा भाग जुन्या यंत्रातही बसावा. म्हणजे पन्नास वर्षांपूर्वी ज्याने तो घेतला, तो आजही विक्रेत्याकडे जाऊन त्यात आजचे बेअरिंग बसवून घेऊ शकतो.

“पण सर,” मी त्यांना म्हणालो, “आस नवा, मोटार नवी, वीज नवी. मग जुने यंत्र उरले कुठे?”

“अहो, तुमच्या आईंनी पितळी पातेल्याला आजवर किती वेळा कल्हई लावून घेतली असेल? पातेले बदलले का?” त्यांनी विचारले.

मी निरुत्तर झालो. खरेच, कल्हईवाला जुन्या भांड्याला नवेपणा देई, पण भांडे घरचेच राही. पाट्या-वरवंट्याला टाकी लावणाराही तेच करी. सुधारणा या शब्दाचा आपल्या घरांतला अर्थ हाच होता. अर्थात कल्हईवाला फुकट काम करीत नसे, आणि ग्लासगोची मंडळी तर मुळीच नाही. त्यांच्या एकेका भागाच्या किमतीत आमच्यासारख्याने घरात दोन-तीन यंत्रे आणावीत. पण तो मुद्दा वेगळा. फुकट कोण मागतो? दाम घ्या, पण दार बंद करू नका, एवढेच जुन्या गिऱ्हाइकाचे म्हणणे असते.

आता याच्या अगदी उलट गोष्ट सांगतो. अमेरिकेतली सोनॉस ही कंपनी बिनतारी स्पीकर विकते. हे स्पीकर म्हणजे निम्मे वाद्य आणि निम्मा संगणक. ऑक्टोबर २०१९ मध्ये कंपनीने योजना काढली : जुने यंत्र सोडा आणि नव्यावर तीस टक्के सूट घ्या. म्हणजे आपलेच ‘जुने द्या, नवे घ्या’. पण येथे बोहारीण नव्हती. सूट घेणाऱ्याने यंत्राला एक आज्ञा द्यायची. मग एकवीस दिवसांनी ते यंत्र कायमचे निकामी होई. ते विकता येत नसे, कुणाला देता येत नसे, शेजारच्या मुलाच्या खोलीत ठेवता येत नसे. चांगले वाजणारे यंत्र, तीन आठवड्यांची मुदत देऊन, मालकाच्याच हातून मारायचे! आमच्या बोहारणीला ही योजना कुणी समजावून सांगितली असती, तर तिने सांगणाऱ्याच्या डोक्याची चौकशी केली असती.

पुढे जानेवारी २०२० मध्ये कंपनीने जाहीर केले की मे महिन्यापासून काही जुन्या यंत्रांना सॉफ्टवेअरच्या नव्या सुधारणा मिळणार नाहीत. आणि ज्या घरात जुनी-नवी यंत्रे एकत्र जोडलेली असतील, तेथे नव्यांनाही मिळणार नाहीत. म्हणजे घरात एक म्हातारा असला की साऱ्या कुटुंबाची बढती बंद! कंपनीनेच तेव्हा सांगितले होते की आजवर विकलेल्या आमच्या वस्तूंपैकी ९२ टक्के अजून वापरात आहेत. ज्या टिकाऊपणाची पाठ थोपटून घ्यायची, तोच आता अडचणीचा ठरत होता. लोक खवळले. काही दिवसांतच प्रमुखांनी दिलगिरीचे पत्र लिहिले. जुन्या यंत्रांतले दोष शक्य तितके दिवस दुरुस्त करू, असे आश्वासन दिले. मार्चमध्ये ती मारण्याची आज्ञा काढून टाकली, आणि जूनमध्ये जुन्यांसाठी एक ॲप व नव्यांसाठी दुसरे, अशी घरे वेगळी करून दिली. तरी गोष्ट संपली नाही. मे २०२४ मध्ये कंपनीने आपले ॲप नव्याने बांधून आणले, तेव्हा गजर लावण्यासारख्या साध्या सोयीही त्यातून गळालेल्या होत्या. पुन्हा ओरड, पुन्हा दिलगिरी. आणि जानेवारी २०२५ मध्ये त्या प्रमुखांनी पद सोडले.

आमच्या पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकांनी येथे कंपनीची बाजू मांडली. “सर, न्यायाने बोला. दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या त्या यंत्रांची स्मरणशक्ती मुळातच तुटपुंजी. तिच्यात आजचे सॉफ्टवेअर मावणार कसे? कंपनीने तरी काय करावे?” त्यांचे म्हणणे मला पटले. जुन्या यंत्राने नवे काम करावे, असा हट्ट कुणीही समंजस माणूस धरणार नाही. प्रश्न नव्या कामाचा नाहीच. जुने यंत्र आपले जुने काम करीत राहील की नाही, एवढाच प्रश्न आहे. अण्णांच्या रेकॉर्ड प्लेअरने कधी स्टीरिओ ऐकवला नाही, म्हणून आम्ही रुसलो नाही. पण तो बनवणाऱ्याला एके रात्री कारखान्यात बसून तो बंदही पाडता येत नव्हता. आजच्या यंत्रात ही नवी सोय आहे. यंत्र आपल्या घरात असते, त्याचा दोर विकणाऱ्याच्या हातात.

हा दोर किती लांब असतो, ते मी घरातच पाहिले. आईची दृष्टी अधू होऊ लागली, तेव्हा २०१७ मध्ये मी तिच्यासाठी एक बिनतारी स्पीकर आणला. कंपनीचे नाव सांगत नाही. सांगून उपयोगही नाही. त्याच्या माथ्यावर तीन बटणे होती. पहिल्यावर अभंग, दुसऱ्यावर नाट्यगीते, तिसऱ्यावर आकाशवाणी, असे मी लावून दिले. चार-आठ दिवसांत आईच्या बोटांना ती बटणे पाठ झाली. पहाटे पाचला ती अंधारात हात लांब करी आणि घरात अभंग सुरू होई. तिला दिवा लागत नसे, चष्मा लागत नसे. मुख्य म्हणजे कुणाला हाक मारावी लागत नसे.

सहा वर्षांनी कंपनीकडून एक निरोप आला. ज्या सेवेच्या बळावर ती बटणे चालत, ती अमुक तारखेपासून बंद होत आहे. आपण आमचे जुने गिऱ्हाईक असल्यामुळे नव्या नमुन्यावर आपल्याला खास सवलत आहे. मी उत्तर लिहिले की यंत्र उत्तम स्थितीत आहे, फक्त बटणे चालू ठेवण्याचा काही मार्ग सुचवावा. उलट टपाली उत्तर आले : ‘आपला नमुना आता आमच्या यादीत नाही.’ नवा नमुना मी दुकानात जाऊन पाहिला. त्यावर बटणे नव्हती. गुळगुळीत काच होती. डोळसांना ती देखणी वाटेल, पण बोटांनी वाचणाऱ्याला ती कोरी पाटी.

त्या स्पीकरच्या मागे सुदैवाने एक छोटे गोल भोक होते, तार जोडायचे. हे भोक म्हणजे एकोणिसाव्या शतकात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ज्या खुंट्या खोचत, त्यांचे धाकटे भावंड. त्यावर आज कुणाची मालकी नाही, म्हणून ते कुणाला बंद करता येत नाही. माझ्या मुलाने त्यात तार घालून मोबाइल जोडला आणि अभंग पुन्हा सुरू झाले. आवाज तोच, गोडवा तोच. पण मोबाइलवरची गाणी आईला बोटांनी सापडत नाहीत. पहाटे पाचला आता ती हाक मारते, “अरे, जरा लावून दे रे.” मी लावून देतो, त्यात कष्ट कसले? पण अलीकडे पुष्कळदा ती हाकच मारीत नाही. मुलगा दमला असेल, झोपू दे, असे म्हणून नुसती पडून राहते. कंपनीच्या हिशेबात एक नमुना यादीतून गेला. आमच्या घरातून एका म्हाताऱ्या बाईचे सकाळचे एक तासाचे स्वातंत्र्य गेले.

मी मराठीचा शिक्षक आहे, म्हणून असल्या प्रसंगी मला भाषेची आठवण होते. भाषेतही सुधारणा होतात. मराठी साहित्य महामंडळाने केलेले शुद्धलेखनाचे चौदा नियम १९६२ मध्ये शासनाने स्वीकारले, १९७२ मध्ये त्यांत आणखी चारांची भर पडली. ‘नाहीं’वरचा, ‘कांहीं’वरचा अनुस्वार गेला. या नियमांवर वाद पुष्कळ झाले आणि अजून होतात. पण त्यांतला एक नियम मला फार आवडतो : केशवसुतांपूर्वीचे पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांपूर्वीचे गद्य छापायचे असेल, तर ते मुळाप्रमाणेच छापावे. नवी व्यवस्था लावणाऱ्यांनी जुन्यासाठी एक दार उघडे ठेवले. ज्यांच्या घरात अनुस्वारांची जुनी पुस्तके होती, त्यांना कुणी असे कळवले नाही की आपली पुस्तके अमुक तारखेपासून उघडणार नाहीत. माझे विद्यार्थी नव्या नियमांनी लिहितात आणि आजोबांच्या कपाटातले पुस्तकही वाचतात. अण्णांच्या रेकॉर्ड प्लेअरवरच्या त्या कळीसारखेच हे.

कायदेही आता हळूहळू या बाजूला वळू लागले आहेत. आपल्या केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी एक संकेतस्थळ उघडले. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून असा नियम आहे, की इंटरनेटला जोडली जाणारी घरगुती वस्तू विकताना तिच्या सुरक्षिततेची सॉफ्टवेअर-दुरुस्ती निदान किती काळ मिळेल, ते आधी सांगितले पाहिजे. किती काळ द्या, हे कायदा सांगत नाही. फक्त तारीख सांगा, म्हणतो. मला ही साधी मागणी फार मोलाची वाटते. औषधाच्या बाटलीवर आणि बिस्किटाच्या पुड्यावर जी तारीख असते, ती हजारो रुपयांच्या यंत्रावर का नसावी? २०१७ मध्ये ती तारीख खोक्यावर असती, तर मी दुसरे एखादे यंत्र, ज्याची बटणे कुणाच्या मर्जीवर नाहीत असे, आईसाठी शोधले असते.

या दिवाळीत आपल्यापैकी कुणी ना कुणी गाण्याचे यंत्र घ्यायला दुकानात जाईलच. विक्रेता आपल्याला त्यातले नवे काय ते उत्साहाने सांगेल. ते अवश्य ऐकून घ्यावे. तोही बिचारा आपल्या पोटासाठी बोलत असतो. त्याचे बोलून झाले की त्याला शांतपणे एकच प्रश्न विचारावा : “दहा वर्षांपूर्वी तुमच्याकडून ज्यांनी घेतले, त्यांच्यासाठी आज तुम्ही काय करता?” त्याचे उत्तर नीट कान देऊन ऐकावे. कारण दुकानात पाऊल टाकताना आपण आजचे गिऱ्हाईक असतो. पैसे मोजून खोके काखेत घेतले आणि उंबरा ओलांडला, की त्या क्षणापासून कालचे.